शितावरून भाताची परीक्षा होते, मग वाळूची का होत नाही?

रेतीचा लॅब रिपोर्ट कधी हातात आला तर एक गोष्ट करून बघा. वरचे मोठे आकडे सोडा, "पास" लिहिलंय का तेही सोडा. थेट शेवटच्या पानावर, अगदी तळाला जा. तिथे बारीक अक्षरात एक ओळ असते. तिचा अर्थ साधारण असा, की हा निकाल फक्त आमच्याकडे आलेल्या नमुन्यापुरता आहे. पुष्कळ रिपोर्टवर अजून एक ओळ असते, ती म्हणजे नमुना ग्राहकाने आणून दिला, आम्ही काढला नाही.

म्हणजे काय, तर लॅब सांगतेय की तुमच्या पिशवीतली वाळू चांगली आहे. पिशवी ज्या ढिगातून भरली तो ढीग चांगला आहे, असं ती कुठेही म्हणत नाही. पण घर बांधलं जातं ढिगातल्या वाळूने, पिशवीतल्या नाही.

ही ओळ वाचायची सवय फार थोड्या लोकांना असते. आणि अलिबाग, उरण, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात तर ती आधी वाचायला पाहिजे. कारण इथल्या रेतीत एक अशी गोष्ट असते जी डोळ्याला दिसत नाही, सगळीकडे सारखी नसते आणि बांधकामातल्या सळईला आतून खाते. ती गोष्ट म्हणजे मीठ.

शीत का चालतं?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. एक शीत बोटात दाबलं की कळतं, भात झाला की नाही. मग एक मूठ वाळूवरून डंपरची परीक्षा का होऊ नये?

कारण भात एका पातेल्यात असतो. तांदूळ एकाच पोत्यातला, पाणी एकच, आच एकच, वर झाकण. सगळी शितं एकाच अनुभवातून गेलेली असतात, म्हणून एक शीत बाकीच्यांच्या वतीने बोलू शकतं. तरीसुद्धा घरातली जाणती बाई वरचं शीत घेत नाही आणि तळाचं करपलेलंही घेत नाही, मधलं घेते. म्हणजे नमुना कुठून घ्यायचा याचं शास्त्र स्वयंपाकघरात आधीपासून आहेच.

वाळूचं तसं नसतं. एकाच डंपरमधले दोन कण वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या भरतीला, वेगवेगळ्या खोलीवरून उचललेले असू शकतात. एक दगडाचा, एक शिंपल्याचा. एक जाड, एक पिठासारखा. शिवाय वाळू हलली की कण आपापल्या आकाराप्रमाणे वेगळे होत जातात. हे कसं होतं ते पुढे बघू. आधी रायगडची रेती काय चीज आहे ते बघू.

खाडीची रेती

रायगडच्या नद्या लांबीने छोट्या. सह्याद्रीत उगम पावायचं आणि काही तासांच्या वाटेवर समुद्र गाठायचा. अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते, कुंडलिका रेवदंड्याला, त्याच्या खाली राजपुरीची खाडी आणि अगदी दक्षिणेला सावित्री बाणकोटच्या खाडीत. पलीकडचा काठ रत्नागिरी जिल्ह्याचा.

या नद्या काळ्या बसाल्टचा डोंगर झिजवत येतात. त्यामुळे इथल्या रेतीत काळपट दगडाचे कण असतात, जांभ्याचे तांबूस कण असतात, आणि समुद्राकडून आलेला शिंपल्यांचा चुरा असतो. त्यात पावसाळ्यात नदीचा गाळ मिसळतो.

किनाऱ्यावर कधी नीट बघितलं असेल तर लक्षात येईल, की वाळू एका रंगाची नसते. भरतीच्या रेषेजवळ काळे पट्टे दिसतात. काही वेळा तर काळी रांगोळी ओढल्यासारखे. समुद्र इथे सुपाचं काम करतो. लाट येते, जाते आणि हलके कण पाखडून सोबत नेते, जड कण मागे राहतात. साध्या गारगोटीच्या कणाची घनता २.६५ च्या आसपास, तर इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांची पावणेपाच ते सव्वापाच. जवळपास दुप्पट जड. म्हणून ती एका ओळीत साठतात. आता कुणी त्या काळ्या पट्ट्यातून ओंजळ भरून लॅबला पाठवली, तर रिपोर्ट येईल की इथे लोखंडाची खाण आहे. चार पावलं बाजूची ओंजळ पाठवली तर रिपोर्ट म्हणेल, लोह नाहीच. दोन्ही रिपोर्ट खरे, आणि दोन्हींवरून काढलेला निष्कर्ष चूक.

या रेतीला मागणी का आहे हे वेगळं सांगायला नको. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, तो उतरतो रायगडात. विमानतळ उलव्याला, तोही रायगडात. बंदर न्हावा शेव्याला. पनवेलपासून अलिबागपर्यंत इमारती आणि बंगले उठतायत. आणि रेतीवरून या जिल्ह्यात झालेले राडे जुने आहेत. पर्यावरण कार्यकर्त्या सुमैरा अब्दुलअली यांच्यावर २००४ मध्ये किहीमला रेती उपसा रोखताना हल्ला झाला, २०१० मध्ये महाडच्या बाजूला पुन्हा झाला. त्यांच्या आवाज फाउंडेशनच्या याचिकेवर २०१० मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात रेती उपशावर बंदी घातली होती. समुद्रकिनाऱ्यावरच्या उपशाला सीआरझेडचे निर्बंध आहेत. खाडीत हातपाटीने, म्हणजे डुबी मारून, आणि यंत्राने रेती काढायचे वेगवेगळे नियम आहेत.

पण हा विषय कायद्याचा झाला. परवाना कायदेशीर असला म्हणून रेती गोडी होत नाही. कागद महसूल खात्याचा चालतो, मीठ आपल्या हिशेबाने चालतं.

मिठाचा हिशेब

हा हिशेब अगदी सोपा आहे, शाळेतल्या शेकडेवारीचा. पण एकदा बघितला की विसरता येत नाही.

एक घनमीटर काँक्रीट करायला ढोबळमानाने ७०० किलो रेती लागते. समजा ती रेती खाडीतून काढून निथळून घेतलीय, हाताला फक्त दमट लागतेय. ओलावा पाच टक्के धरा. म्हणजे ७०० किलोमागे ३५ किलो पाणी. ते पाणी समुद्राचं असेल तर त्यात क्लोराइड सुमारे १.९ टक्के असतं. ३५ किलोचे १.९ टक्के झाले ०.६६ किलो.

आता नियम बघा. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक. सळई असलेल्या साध्या आरसीसी कामात एका घनमीटरमध्ये क्लोराइड ०.६ किलोच्या वर नको असं ते सांगतं. त्यात सिमेंट, पाणी, केमिकल, खडी, रेती सगळं आलं. म्हणजे बाकी सगळं गंगाजलासारखं स्वच्छ असलं तरी नुसत्या दमट रेतीने मर्यादा ओलांडली.

"वाळवून वापरू" हा उपाय अनेकांना सुचतो. पण वाळतं ते पाणी, मीठ जागेवर राहतं. मिठागरात दुसरं काय करतात? उरण, पेणच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

क्लोराइड सळईला काय करतं? काँक्रीटच्या आत सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर असतो. सिमेंटच्या अल्कलीमुळे तो तयार होतो आणि टिकतो. क्लोराइड पुरेसं साठलं की तो थर ठिकठिकाणी फुटतो आणि गंज चढायला लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, दुप्पट ते सहापटीपर्यंत. मग आतून दाब येतो, स्लॅबला सळईच्या रेषेत तडे जातात, एक दिवस छताचा पोपडा पडतो. हे पहिल्या वर्षी होत नाही. म्हणूनच तर ते भोवतं. तोपर्यंत ठेकेदार दुसरीकडे कामाला, रेतीवाला तिसरीकडे, आणि रिपोर्ट फाइलमध्ये व्यवस्थित "पास".

आता खरी मेख. खाडीचं पाणी वर्षभर सारखं खारट नसतं. सप्टेंबरमध्ये नदीला पूर येऊन गेलेला असतो, खाडीच्या वरच्या भागात पाणी जवळपास गोडं होतं. मे महिन्यात नदी आटते आणि समुद्र आत घुसतो. भरतीला एक चव, ओहोटीला दुसरी. खाडीच्या मुखाशी एक, दहा किलोमीटर आत दुसरी. त्यामुळे पावसाळा संपता संपता घेतलेल्या नमुन्याचा रिपोर्ट दाखवून मे महिन्यात रेती विकली, तर कागद खोटा नाही. तो फक्त दुसऱ्याच रेतीचा आहे.

काठावर टाकलेल्या ढिगातही तेच. पाऊस पडला की वरचा थर धुतला जातो, मीठ खाली उतरतं. ऊन लागलं की उलटं होतं, आतलं पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जातं आणि मीठ वर जमतं. पावसानंतर वरची मूठ घेतली तर रेती गोडी, उन्हाळ्यात घेतली तर खारट. ढीग तोच.

चिवड्याचा डबा

मिठाचं झालं. आता कणांच्या आकाराचं.

दिवाळीत चिवड्याचा डबा फिरतो. पहिल्या दिवशी वरून पोहे, दाणे, खोबऱ्याचे काप मिळतात. शेवटी ज्याच्या वाट्याला डबा येतो त्याला तळाशी मीठ, तिखट आणि चुरा मिळतो. कुणी मुद्दाम लावून ठेवलेलं नसतं. डबा हलत राहतो, बारीक कण मोठ्या कणांच्या फटीतून खाली सरकतात, मोठे वर राहतात.

कोरड्या वाळूचा डंपर म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावरून निघालेला चिवड्याचा डबा. आणि रायगडातले खड्डे सर्वांना माहीत आहेतच.

ढीग ओतला की वेगळा प्रकार होतो. वरून पडणारी वाळू शंकूसारखी साठते. जाड कण उतारावरून गडगडत पायथ्याशी जातात, बारीक कण पडले तिथेच, मध्यभागी अडकतात. म्हणून ढिगाच्या कडेला जाडी रेती, पोटात बारीक. आता विचार करा, नमुना घ्यायला गेलेला माणूस वाळू कुठून उचलतो? जिथे वाकल्यावर हात पोचतो तिथून. म्हणजे पायथ्याच्या बाहेरच्या थरातून. म्हणजे सगळ्यात जाडी.

याने काय फरक पडतो? आयएस ३८३ या मानकात रेतीचे चार झोन केलेत. ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून किती टक्के रेती खाली जाते त्यावर झोन ठरतो. १५ ते ३४ टक्के गेली तर झोन एक, ३५ ते ५९ झोन दोन, ६० ते ७९ झोन तीन, ८० च्या वर झोन चार. काँक्रीटमध्ये किती सिमेंट, किती पाणी, हे त्यानुसार बसवतात. एकाच ढिगाच्या कडेची रेती झोन एकमध्ये आणि पोटातली झोन तीनमध्ये बसू शकते. कडेच्या नमुन्यावर मिक्स ठरवलं आणि कामाच्या दिवशी पोटातली बारीक रेती आली, की तेवढ्या पाण्यात माल आवळतो, मग मिस्त्री पाईप सोडून पाणी वाढवतो. पुढचं सांगायला नको.

बारीक धुळीचीही तीच गोष्ट. ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक माल नैसर्गिक रेतीत ३ टक्क्यांपर्यंत चालतो, दगड फोडून केलेल्या क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत. ही धूळ ढिगात कधीच एकसारखी पसरलेली नसते.

जाता जाता, पैशाचा एक मुद्दा. रेती ब्रासने विकतात, ब्रास म्हणजे १०० घनफूट. रेती थोडी ओली असली की कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि रेती फुगते, चार-पाच टक्के ओलाव्याला सहज २०-२५ टक्के. म्हणजे पाच ब्रासचे पैसे देऊन कधी कधी चार ब्रासच माल आणि बाकी हवा.

मग नमुना घ्यायचा कसा?

यावर भारतीय मानक आहे, आयएस २४३०, काँक्रीटसाठी लागणाऱ्या रेती-खडीचे नमुने कसे घ्यावेत यासाठी. जगभरच्या मानकांचा सूर एकच आहे. एका जागेवरून भरपूर घेऊ नका, अनेक जागांवरून थोडं थोडं घ्या.

पण सगळ्यात महत्त्वाचा नियम त्याच्याही आधीचा आहे. वाळू थांबलेली असताना नाही, हलत असताना पकडा. पट्ट्यावरून जातेय, यंत्रातून पडतेय, डंपर भरला जातोय, त्या वेळी नमुना घेणं सोपं, कारण प्रत्येक कण कधी ना कधी तुमच्या समोरून जातो. पट्ट्यावरून घ्यायचा तर पट्टा थांबवून त्याच्या पूर्ण रुंदीची पट्टी काढायची, कोपऱ्यातला धूळकट मालसुद्धा ब्रशने गोळा करून. नुसता वरून चमचा मारायचा नाही. प्रवाहाचा थोडासा भाग सतत घेण्यापेक्षा अख्खा प्रवाह थोडा थोडा वेळ, अनेकदा घेणं चांगलं.

यामागचं गणित मांडलं पियरे गी या फ्रेंच शास्त्रज्ञाने. आफ्रिकेत काँगोमधल्या शिशाच्या खाणीवर काम करताना त्याच्यापुढे हाच प्रश्न आला होता, की दगडांचा एवढा मोठा ढीग आहे, त्यात शिसं किती ते थोड्याशा नमुन्यावरून सांगायचं कसं? पुढे त्याने सगळं आयुष्य याच प्रश्नाला दिलं. त्याच्या म्हणण्याचं सार असं: ढिगातल्या प्रत्येक कणाला नमुन्यात यायची सारखी संधी मिळाली पाहिजे. ज्या कणांपर्यंत तुमचं फावडं पोचूच शकत नाही, त्यांच्याबद्दल तुमचा नमुना काहीच सांगत नाही. पिशवी कितीही मोठी भरा.

पण रेती बंदरावर पट्टा कुठून आणणार? तिथे ढीगच असतो. मग ढिगातून घ्यायचं तर वरचा वाळलेला थर बाजूला सारायचा. माथा, मध्य, पायथा अशा वेगवेगळ्या उंचीवर, ढिगाला चारही बाजूंनी फिरून घ्यायचं. जिथे खणायचं त्याच्या जरा वर एक फळी खोचायची, म्हणजे वरची जाडी रेती घसरून खड्ड्यात येत नाही. रेतीसाठी अजून चांगली युक्ती म्हणजे पाईप. साधारण सव्वा इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाचा, सहा फुटांचा पाईप ढिगात खुपसायचा आणि आतली रेती काढायची, निदान पाच ठिकाणी. दमट रेती पाईपमध्ये छान अडकून येते. जेसीबी हाताशी असेल तर त्याच्याकडून ढिगाच्या पोटातून तीन-चार बादल्या काढून एक छोटा सपाट ढीग करून घ्या आणि त्यातून नमुना घ्या. सगळं मिळून निदान दहा किलो.

पिशवी प्लास्टिकची, तोंड घट्ट बांधलेली. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण किनाऱ्यावर फार महत्त्वाचा आहे. ओली रेती गोणपाटात भरून लॅबला नेली तर खारं पाणी वाटेतच ठिबकून जातं, आणि लॅबला मिळते आधीच थोडी धुतलेली रेती.

दहा किलोचे पाचशे ग्रॅम

समजा दहा किलो व्यवस्थित आलं. लॅबला चाळणीसाठी लागतात काहीशे ग्रॅम. आता पुन्हा तीच अडचण. दहा किलोतून पाव-अर्धा किलो काढायचा कसा? वरून चमच्याने काढला तर सगळी मेहनत पाण्यात.

आपल्याकडे सर्वत्र शिकवतात ती चतकोर पद्धत. रेती नीट मिसळून शंकू करायचा, वरून दाबून भाकरीसारखा सपाट करायचा, चार चतकोर पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. उरलेल्याचं पुन्हा तेच. फावडं आणि ताडपत्री असली की झालं.

या पद्धतीवर लोकांचा फार विश्वास. पण १९७० मध्ये ॲलन आणि खान या दोघांनी ती तपासून बघितली. जाडी आणि बारीक वाळू ६० ला ४० अशी मुद्दाम मिसळली, म्हणजे खरं उत्तर आधीच माहीत. मग वेगवेगळ्या पद्धतींनी नमुने काढले आणि उत्तरं किती इकडेतिकडे होतात ते मोजलं. चतकोर पद्धतीत फरक, म्हणजे प्रमाण विचलन, ६.८ टक्के. नुसता चमचा मारून घेतला तर ५.१ टक्के. होय, कोरड्या वाळूत इतकी मेहनत करून केलेला चतकोर चमच्यापेक्षाही वाईट निघाला. कारण उघड आहे. शंकू केला की जाडी वाळू कडेला, बारीक पोटात. वेगळी होऊ नये म्हणून केलेल्या पद्धतीतच वेगळी व्हायची सोय.

मग चांगलं काय? रिफल बॉक्स. पत्र्याची एक पेटी, वर ओळीने खाचा, एक खाच डावीकडे उघडते, पुढची उजवीकडे. वरून रेती सोडली की अर्धी इकडे, अर्धी तिकडे. त्याच प्रयोगात याचा फरक आला १ टक्का. आणि फिरणाऱ्या चकतीवर डबे ठेवून वरून बारीक धार सोडायचं यंत्र असतं, त्याचा फरक ०.१५ टक्क्याच्याही खाली.

मात्र रेती ओली असेल तर रिफल बॉक्सच्या खाचांत अडकते, आणि ओल्या रेतीत कण एकमेकांना धरून ठेवत असल्याने गडगडतही नाहीत. तिथे चतकोर चालतो. थोडक्यात, कोरड्याला पेटी, ओल्याला चतकोर. मानकंही हेच सांगतात, फक्त साइटवर हे क्वचित पाळलं जातं.

पन्नास ग्रॅमवर चालणारे कारखाने

बांधकामात निदान चूक व्हायला वर्षं लागतात. फौंड्रीत ती संध्याकाळी कळते.

रायगडची बसाल्टी, शिंपलेदार रेती ओतकामाच्या साच्यांना बहुतेक चालत नाही. तिथे लागते सिलिका वाळू, आणि कोकणात ती मिळते खाली सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे-फोंडा भागात. घाट चढून गेलं की कोल्हापूर, तिथे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्री.

या वाळूच्या चाळणी परीक्षेला पारंपरिक नमुना ५० ग्रॅमचा. ट्रक धरा २० टनांचा. म्हणजे चार लाखांतला एक भाग. अर्ध्या मिलिमीटरच्या कणाचं वजन एका मिलिग्रॅमच्या पाचव्या भागापेक्षाही कमी भरतं, त्यामुळे ५० ग्रॅममध्ये पावणेतीन लाखांवर कण येतात. कण भरपूर आहेत, प्रश्न तो नाही. ते सगळे ट्रकच्या एकाच कोपऱ्यातले असतील तर ते पावणेतीन लाख साक्षीदार एकाच घरातले झाले.

नमुना बारीक वाळूचा आला तर साच्यातून वायू नीट बाहेर पडेल की नाही याचा अंदाज चुकतो, कास्टिंगमध्ये भोकं पडतात. जाडीचा आला तर पृष्ठभाग खडबडीत. चुकून शिंपल्याचा चुरा असलेली वाळू आली तर आणखी गंमत. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो आम्ल खातो. आम्लाने घट्ट होणारं रेझिन वापरत असतील तर साचा घट्टच होत नाही. काचेच्या कारखान्यात त्रास लोखंडाचा. स्वच्छ काचेला लोह ०.०५ टक्क्याच्याही खाली लागतं, तेव्हा काळ्या कणांचा एक छोटासा पट्टाही काचेला हिरवट झाक आणतो.

म्हणून चांगल्या फौंड्रीत ट्रक रिकामा होताना ठरावीक अंतराने नमुने घेतात. ट्रकच्या दारात उभं राहून पहिली मूठ उचलत नाहीत.

सरासरी फसवते ती अशी

इथपर्यंत वाचून वाटेल की पंधरा ठिकाणची रेती घेतली, मिसळली, लॅबला दिली, काम झालं. अर्धंच झालं.

समजा तीन डंपर आले. क्लोराइड पहिल्यात ०.०२ टक्के, दुसऱ्यात ०.०३, तिसऱ्यात ०.१३. तिन्हींची रेती मिसळून एक नमुना केला तर उत्तर येईल ०.०६. मघाच्या हिशेबाने घनमीटरला ०.४२ किलो, मर्यादेच्या आत. पास. पण कॉलम काही सरासरीने भरत नाहीत. तिसऱ्या डंपरची रेती ज्या कॉलममध्ये गेली तिथे क्लोराइड ०.९१ किलो.

म्हणून प्रत्येक खेपेचा वेगळा नमुना हवा, निदान सुरुवातीच्या काही खेपांचा. ते एकमेकांच्या जवळ आले तर पुढे मिसळायला हरकत नाही. लांब आले तर मिसळलेला नमुना म्हणजे तिसऱ्या डंपरवर घातलेलं पांघरूण. खर्च वाढतो हे खरं, पण स्लॅबचा पोपडा काढून परत करायचा खर्च कुणाला विचारा.

पिशवी कोणी भरली?

कॅनडाच्या ब्री-एक्स कंपनीची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं सांगितलं, शेअर आकाशाला भिडले, आणि १९९७ मध्ये कळलं की दगडांच्या नमुन्यांत सोनं बाहेरून मिसळलं होतं. लॅबने चोख काम केलं होतं. पिशवीत सोनं होतंच.

रेतीत कुणी सोनं मिसळणार नाही. पण स्वतःच्या रेतीचा नमुना गोड्या पाण्याने दोनदा धुऊन, वाळवून, छान पिशवीत भरून लॅबला देणं अगदी सोपं आहे. त्यात कायद्याने पकडण्यासारखंही फार काही नसतं, कारण रिपोर्टच म्हणतो की नमुना ग्राहकाने आणला. विकणाऱ्याने स्वतः आणून दिलेली पिशवी हा नमुना नसतो, ती जाहिरात असते.

म्हणून नमुना घेताना दोघं हजर असावेत, घेणारा आणि देणारा. पिशवीत आणि पिशवीवर दोन्हीकडे चिठ्ठी: तारीख, वेळ, जागा, ढिगाचा कुठला भाग, खेप क्रमांक, भरती होती की ओहोटी, आदल्या दिवशी पाऊस झाला का. दोघांच्या सह्या, सील. त्याच नमुन्याचा दुसरा भाग सीलबंद ठेवून द्यायचा, वाद झाला तर उघडायला. बऱ्याच लॅब थोडे जास्त पैसे घेऊन स्वतःचा माणूस नमुना काढायला पाठवतात. मग रिपोर्टवरची ती तळाची ओळ बदलते.

घर बांधणाऱ्या साध्या माणसाला एवढं सगळं जमेलच असं नाही. गाळासाठी बाटलीची परीक्षा घरी होते. सरळ काचेच्या बाटलीत निम्मी रेती, वर चिमूटभर मिठाचं पाणी, जोरात हलवायचं आणि तीन तास ठेवायचं. तळाला रेती बसते, वर गाळाचा वेगळा थर. गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या आठ टक्क्यांवर गेला तर रेती परत पाठवावी किंवा धुवावी. तीन बाटल्या करायच्या, तीन वेगवेगळ्या जागांच्या. तिन्ही सारख्या दिसल्या तर ढीग बऱ्यापैकी एकजीव आहे. एक वेगळी दिसली तर तिथेच आधी बघायला हवं.

क्लोराइड मात्र बाटलीत दिसत नाही आणि जिभेवर खात्रीने कळत नाही. त्याला लॅबच लागते. आणि खारट रेती धुवायची ठरवली तर धुवायचं पाणीही तपासून घ्यावं लागतं. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि त्या पाण्याने धुतलेली रेती धुऊनही खारटच राहते.